बाईंच्या चाकातली खुळखुळ

सकाळी सव्वाआठला शेजारचा प्लंबर मोठा पाना परत द्यायला आला तेव्हा ताई दुकानाची फरशी पुसत होती.

"काल दुपारी तासाभरात आणून देतो म्हटलं होतं," तो ओशाळून म्हणाला, "पण त्या इमारतीच्या पाइपाने माझा पिट्ट्या पाडला. घरी जायलाच आठ वाजले. तुमचं काही अडलं नाही ना?"

"छे, अडायचंय काय," ताई म्हणाली आणि पाना भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला अडकवला. प्लंबर गेला. फडकं पिळायला ती बादलीवर वाकली आणि तशीच वाकून राहिली.

काल दुपारपासून पाना दुकानात नव्हता. मग भूगोलाच्या बाईंच्या चाकाची कॅसेट आपण आवळली कशाने?

ताई म्हणजे गल्लीतल्या लहानथोरांची ताई. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान ती आणि तिचा धाकटा भाऊ चालवत. वय एकोणसाठ, आणि त्यातली चाळीस वर्षं हातात पाना. भूगोलाच्या बाई शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. धाकट्याला त्यांनी नववीत नकाशे भरायला शिकवले होते, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. घाटापलीकडच्या गावात त्यांची लेक राहायची. तिच्याकडे सायकलने जायचं, एकटीने, तीन दिवसांत, हे त्यांनी वर्षभर मनात धरलं होतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले.

स्पोक तुटले ते नेमके उजव्या बाजूचे. त्या बाजूला चाकाच्या मधल्या तुंब्यावर, हबवर, कॅसेट असते, म्हणजे लहानमोठ्या दातेरी चकत्यांची चळत. ती काढल्याशिवाय नवा स्पोक आत जात नाही. चळतीच्या तोंडावर एक आट्यांची रिंग असते, तीच सगळ्या चकत्या जागी धरून ठेवते. ही रिंग बोटांनी बसते, पण बोटांनी आवळत नाही. तिला मोठा पाना आणि अंगातला जोर लागतो.

ताईने डोळे मिटून कालचा दिवस आठवायचा प्रयत्न केला. सकाळी चकत्या काढल्या. स्पोक घातले, चाक सरळ केलं. दुपारी एकेक चकती पुसून परत हबवर सरकवली. सगळ्यात धाकटी चकती हातात घेतल्याचंही आठवत होतं, कारण तिच्यावर एक केस चिकटला होता. त्यापुढे काही नाही. चारला ती दाढ काढायला दातांच्या डॉक्टरांकडे गेली. साडेपाचला अर्धा जबडा बधिर घेऊन परत आली तेव्हा सायकल चाक बसवून दाराशी तयार उभी होती. सहाला बाई येऊन ती घेऊन गेल्या. ताईने वाकड्या तोंडाने "नीट जा" म्हटलं होतं, ते बाईंना "मीठ खा" असं ऐकू आलं आणि दोघी हसल्या होत्या. एवढं सगळं आठवत होतं. रिंग मात्र आठवत नव्हती.

तिला काळजी होती ती नुसती बाईंची नव्हती.

आईचं असंच सुरू झालं होतं, साठाव्या वर्षी. आधी दुधाखाली गॅस राहिला. मग घराची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. सगळे हसले, आईसुद्धा हसली. सहा वर्षांनी एका सकाळी ताई चहा घेऊन गेली, तर आईने मोठ्या अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" तेव्हापासून ताईने मनाशी हिशेब बांधून ठेवला होता की आपलीही साठी येणार आहे. गेले दोन महिने ती रोज अंथरुणावर पडली की दिवसभर आलेली गिऱ्हाइकं ओळीने आठवायची. एखादं चुकलं की झोप उडायची. हे तिने धाकट्यालाही सांगितलं नव्हतं.

तिने बाईंना फोन लावला. बंद. बाईंनी सांगितलंच होतं, रस्त्यात फोन बंद ठेवणार, चार्जिंग पुरवायचं आहे. धाकटा पहाटेच्या बसने मालाच्या गोदामाकडे गेला होता. त्याचा फोन नुसता वाजत राहिला. बसमध्ये तो झोपला की ढोल वाजवला तरी उठत नाही.

बाई सातला निघाल्या असणार. घाटाचा माथा बावीस किलोमीटरवर. चढावर त्या हळू जातात, वाटेत दहादा थांबून डोंगर बघतात. चढावर फार काही बिघडणार नाही, चकत्या वाजतील, गिअर सटकतील. पण माथ्यावरून पुढे नऊ किलोमीटरचा उतार. तिथे ती रिंग निसटून चकती आणि फ्रेमच्या मध्ये रुतली, किंवा चेन उडून स्पोकमध्ये गेली, तर वळणावर चाक जागच्या जागी थांबेल. बाई थांबणार नाहीत.

ताईने शटर ओढलं. मोठा पाना घ्यावा का, असा एकदा विचार केला. पण तो दीड किलोचा ठोकळा घेऊन घाट चढायचं आपलं वय नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या सीटखालच्या पिशवीत एक छोटं अवजार कायम असायचं. अंगठ्याएवढा पोलादी तुकडा, एका बाजूला रिंगच्या खाचांत बसणारे दाते, दुसऱ्या बाजूला बोटभर दांडी. पाना नको, काही नको, सायकलची फ्रेमच त्याचा पाना होते. ते आहे ना हे तिने चाचपून बघितलं. मग दहा पावलांवर जाऊन परत वळली आणि शटरला कुलूप लावलंय का ते बघितलं. लावलं होतं. तेही तिला आठवत नव्हतं.

गोदामांची रांग, पेट्रोल पंप, फळबागांची तारेची कुंपणं. एरवी तिला ही वाट आवडायची. आज ती मान खाली घालून पायडल मारत होती आणि डोक्यात एकच चाललं होतं: चकती सरकवली, केस काढला, मग? दाढेच्या खड्ड्यात ठणका लागला होता. डॉक्टरांनी दोन दिवस दगदग करू नका म्हणून बजावलं होतं.

चौदाव्या किलोमीटरला चढ सुरू होतो. तिथे अर्धा रस्ता खणून ठेवला होता आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक कामगार बाई लाल झेंडा धरून उभी होती.

"इथून एक म्हाताऱ्याशा बाई गेल्या का? सायकलवर, पिवळं जाकीट?"

"गेल्या की. तास झाला असेल." तिने झेंडा काखेत मारला. "सायकल नुसती खुळखुळ वाजत होती. मी म्हटलं, मावशी, चाकात खुळखुळा बांधलाय की काय? तर म्हणाल्या, काल नीट करून घेतलंय, नवीन आहे म्हणून वाजत असेल."

नवीन आहे म्हणून. ताईला ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. बाईंनी आवाज ऐकला होता आणि ताईवर विश्वास ठेवून दुर्लक्ष केलं होतं.

"पाणी पिऊन जा, तोंड उतरलंय तुमचं," कामगार बाई म्हणाली. ताईने बाटलीतले दोन घोट घेतले आणि चढाला लागली.

आठ किलोमीटर चढायला तिला सव्वा तास लागला. डावा गुडघा कुरकुरत होता. दोनदा उतरून ती चालत गेली. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पिवळं जाकीट दिसेल. दिसायचा तो मैलाचा दगड, नाहीतर एखादी शेळी. एकोणिसाव्या किलोमीटरनंतर तिने आठवायचंच सोडून दिलं. झाली असेल चूक तर झाली. आता बाई माथ्याच्या या बाजूला सापडू देत, मग डॉक्टरकडे जाऊन आपल्या डोक्याचं काय ते एकदा तपासून घेऊ. दोन महिने हा निर्णय तिला जमला नव्हता, तो तिथे धापा टाकताना आपोआप झाला.

चढ संपतो तिथे, अगदी माथ्यावर, रस्त्याला दगडी कठडा आहे. त्या कठड्यावर बाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, मांडीवर नकाशा, हातात अर्धं सफरचंद. सायकल कठड्याला टेकवलेली.

ताईने पायडल मारणं सोडून दिलं. ब्रेक दाबायचं भान राहिलं नाही, चढावर सायकल आपोआपच थांबली.

"अहो ताई, तुम्ही?" बाई उठल्या. "काय झालं? माझ्या लेकीचा फोन आला का? सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे," ताई म्हणाली. तिने खाली उतरून दम घेतला. "तुम्ही का थांबलात?"

"त्याचं काय झालं, गिअर सारखा सटकायला लागला. पाय एकदम रिकामा जायचा. शेवटचा एक किलोमीटर ढकलतच आणली. म्हटलं, थोडं बसू, खाऊ, आणि मग उतारावरून सोडून देऊ. उतारावर कुठे पायडल मारायचंय."

ताईने कठड्याचा आधार घेतला. "बाई, तुमची कॅसेट आवळायची राहिली. चूक माझी आहे. उतारावर गेला असतात तर..." तिने मागच्या चाकाकडे बोट केलं. "मी न बघता सायकल हातात दिली. चाळीस वर्षांत असं केलं नव्हतं."

बाईंनी सफरचंदाचा तुकडा शांतपणे चावून संपवला. वर्गात कुणी वही घरी राहिल्याचं सांगितलं की त्या अशाच थांबत असाव्यात.

"आणि हे सांगायला तुम्ही दाढ काढलेल्या तोंडाने घाट चढून आलात," त्या म्हणाल्या. "बसा आधी. पाणी घ्या. मी काही पळून जात नाही, माझी सायकल मोडलीय."

ताईला हसू आलं. ते दाढेपर्यंत जाऊन दुखलं.

दोघींनी पिशव्या उतरवल्या आणि सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली. ताईने मागचं चाक सोडवलं, आसातला दांडा बाहेर ओढला, आणि चाक उजेडात धरून रिंगकडे बघितलं. बघितलं आणि कपाळाला आठी पडली.

रिंग सैल होती हे तर झालंच. पण ती तिरकी बसली होती. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, एका आट्यावर दुसरा आटा चढलेला. वर पकडीचे ओरखडे होते.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"थांबा जरा," ताई म्हणाली. तिने अंगठा रिंगवरून फिरवला. मग परत फिरवला.

वडिलांनी तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: कुठलीही आट्याची वस्तू आधी उलटी फिरवायची. उलटी फिरवता फिरवता एक 'टक' असा आवाज होतो, आटा आट्यात पडतो, आणि मगच सुलटी फिरवायची. मग ती तिरकी बसूच शकत नाही. ताईचे हात हे इतकं आपसूक करायचे की बरणीचं झाकणसुद्धा ती आधी उलटं फिरवायची. आणि पकड? रिंगला पकड लावायची म्हणजे तिच्या लेखी चमच्याने दाढी करण्यासारखं होतं.

असं काम करणारा हात तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून ओळखीचा.

"बाई, जरा थांबा, धाकट्याला एक फोन लावते."

या वेळी धाकट्याने फोन उचलला. मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"बाईंच्या चाकाची रिंग कुणी बसवली?" ताईने विचारलं.

"मी. का?" मग तो गाड्यांपासून बाजूला गेला. "अरे देवा. ताई, पाना. पाना नव्हता."

"सावकाश सांग."

"तू दाढेला गेलीस तेव्हा चाक तसंच होतं बाकावर. रिंग त्या वाटीत पडलेली. म्हटलं तुला बरं नाहीये, आपण उरकून टाकू. पाना कुठे सापडेना, म्हणून पकडीने तात्पुरती बसवली आणि चाक लावलं. तू आलीस की सांगायचं ठरवलं होतं. तू आलीस ती तोंड धरून, खुर्चीत बसलीस, मी तुझ्यासाठी बर्फ आणायला गेलो... आणि गेलं डोक्यातून. बाई कुठेत? बाईंना काही झालं का?"

"बाई माझ्यासमोर सफरचंद खातायत."

"तू कुठेस?"

"घाटाच्या माथ्यावर."

ताईला ती वाटी दिसत होती, निळ्या काठाची, तिच्यात रिंग. खरंच की. धाकटी चकती सरकवली, पाना नाही म्हणून रिंग वाटीत ठेवली, वरून फडकं टाकलं आणि ती डॉक्टरकडे गेली. रिंग बसवल्याचं आठवत नव्हतं, कारण तिने ती बसवलीच नव्हती. जे केलंच नाही ते आठवणार कुठून? सकाळपासून ती एका रिकाम्या खोलीत आपल्याच वस्तू शोधत होती.

"ताई," धाकट्याचा आवाज बारीक झाला होता. "मी हल्ली फार विसरतो. तुला म्हटलं नाही. आईसारखं तर नसेल ना?"

ताईने फोन कानापासून जरा दूर धरला. सत्तेचाळीस वर्षांचा भाऊ, आणि तोही तीच भीती उशाला घेऊन झोपत होता. एकाच घरात, मधली भिंत विटेची.

"तू सहावीत दप्तर शाळेत विसरून, वर्गमित्राचं दप्तर घेऊन घरी आला होतास," ती म्हणाली. "नववीत बाईंच्या नकाशात समुद्र रंगवायचा विसरला होतास. तुझं हे आईवरून आलेलं नाही, तुझं स्वतःचं आहे. जन्मापासूनचं."

बाई मान हलवून म्हणाल्या, "नुसता समुद्र नाही, दिशासुद्धा."

"बाई काय म्हणाल्या?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"दिशा म्हणाल्या. ऐक, संध्याकाळी आपण दोघं बोलू. मलाही तुला काही सांगायचंय. घाबरू नकोस. जेवून घे."

फोन ठेवल्यावर तिने नाक पुसलं. बाई नकाशाची घडी करत होत्या, ती त्यांना जमतच नव्हती, आणि त्यांनी वर बघितलं नाही.

"चला," ताई म्हणाली. "आधी ही वाकडी काढू."

छोट्या अवजाराचे दाते तिने रिंगच्या खाचांत बसवले. चाक तसंच धरून परत फ्रेममध्ये नुसतं टेकवलं, दांडा न घालता. अवजाराची बोटभर दांडी फ्रेमच्या नळीला अडकली. मध्ये तिने फडक्याची घडी घातली, रंग जाऊ नये म्हणून. चेन चकतीवर चढवली.

"आता पायडल पुढे दाबा. हळू. धक्का नको."

बाईंनी दोन्ही हातांनी पायडल दाबलं. चेन ताणली गेली. चकत्यांना फिरायचं होतं, रिंगला फ्रेमने धरून ठेवलं होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग करकर करत रिंग सुटली.

"म्हणजे चकत्या पुढे, आणि रिंग जागेवर," बाई म्हणाल्या. "म्हणून उघडते. आणि आवळायची असेल तर चाक मागे?"

"बरोबर. धाकट्याला हे कळायला दोन वर्षं लागली."

ताईने चाक काढलं, रिंग बोटांनी सोडवली आणि आटे तपासले. एका ठिकाणी जरासे दबले होते, पण मोडले नव्हते. धाकट्याच्या हातात जोर नाही याबद्दल तिने आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले. वरच्या दोन चकत्या काढून पुसल्या, परत खाचा जुळवून सरकवल्या. मग रिंग घेतली, टेकवली आणि उलटी फिरवू लागली. अर्धा वळसा. पाऊण.

टक.

"आवाज आला," बाई म्हणाल्या.

"तेवढंच ऐकायचं असतं." रिंग लोण्यात गेल्यासारखी सरळ आत गेली. पुन्हा अवजार, पुन्हा फ्रेम. दांडी या वेळी नळीच्या दुसऱ्या बाजूला टेकली. ताईने टायर दोन्ही हातांनी धरलं आणि चाक मागे ओढलं. रिंगखालच्या बारीक खाचा कटकट वाजू लागल्या, आधी सावकाश, मग जड, मग इतक्या जड की तिचे खांदे थरथरले. आणखी एक. बस. तिने चकत्या धरून हलवून बघितल्या. चळत दगडासारखी गप्प होती.

तिने बाईंनाही हलवून बघायला लावलं. मग दांडा घातला, चाक पक्कं केलं, सगळे गिअर वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवले, दोन्ही ब्रेक दाबले, आणि सायकल सुलटी करून स्वतः वीस पावलं चालवून आली. कुठे काही वाजलं नाही.

बाईंनी पिशव्या अडकवल्या. हेल्मेटचा पट्टा लावताना त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पहिली खुळखुळ फळबागांपाशीच ऐकली होती मी. परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरले असते तर लेक म्हणाली असती, बघ, मी म्हटलं नव्हतं का. म्हणून कान बंद केले. तेव्हा सगळी चूक तुम्ही एकट्याने घेऊ नका. थोडी माझ्यासाठीही ठेवा."

"आता काही वाजलं तर?"

"तर थांबेन. आणि फोन चालू ठेवेन." त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि निघाल्या.

माथ्यावरून उताराची सगळी वळणं दिसतात. ताई कठड्याला टेकून बघत राहिली. पिवळं जाकीट पहिल्या वळणावर हळू झालं, वळलं, झाडांमागे गेलं, खालच्या पट्ट्यात परत दिसलं. दुसरं वळण. तिसरं. बाई ब्रेक छान धरत होत्या. पाचव्या वळणानंतर त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या. खाली पुलावर दाणा थांबला. फोन वाजला.

"पोचले पुलावर," बाई म्हणाल्या. "एक आवाज नाही. तुम्ही उतरताना सावकाश. आणि मीठ खा."

ताई मोठ्याने हसली. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

ऊन चढलं होतं आणि कठडा पाठीला गरम लागत होता. लगेच निघायचं होतं. दुकान बंद होतं, गिऱ्हाइकं शटर बघून जात असतील. पण दोन महिन्यांत तिला सलग झोप लागली नव्हती, आणि आता ती खांद्यांवरून खाली उतरत होती, आडवं पडा म्हणून सांगत. तिने पाय पसरले, रुमाल डोळ्यांवर ओढला आणि कालची गिऱ्हाइकं मोजायच्या आतच तिला डोळा लागला.